तेलाला पैसे नाहीत, टाइल्सला आहेत

वाचनालयाच्या माडीवर टाइल्स बसवायचं ठरलंय. ठराव झाला, अंदाजपत्रक झालं, मार्चच्या आत निधी खर्च करायचा आहे म्हणून आता घाईही सुरू झाली. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. गावातल्यांना कळलंच आहे, बाहेरच्यांना कळून उपयोग नाही. कारण असं वाचनालय, अशी जुनी शाळा, असं विश्रामगृह तुमच्याही तालुक्यात असणार.

ज्यांनी माडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाळीस फूट बाय बावीस फुटांचा हॉल. खाली सागाच्या तुळया, त्यावर सागाच्याच फळ्या. नळी-नळी जोडून एकसंध बसवलेली लाकडी जमीन. इमारतीने शंभरी कधीच ओलांडली. मी नववीत असताना तिथे पहिल्यांदा चढलो तेव्हा खाली जोडे काढावे लागत, आणि पायाला त्या फळ्या थंड, गुळगुळीत, किंचित मेणचट लागत. आज तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. फळ्या राखाडी पडल्यात, कुसं निघालीत, खिडकीजवळच्या दोन कुजल्यात. खुर्ची सरकवली की करकर होते. पोरांची तक्रार खोटी नाही. सॉक्स फाटतात, धूळ उडते.

पण या तक्रारीवरचा इलाज टाइल्स नाही, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. आधी हिशोब करू.

चाळीस गुणिले बावीस म्हणजे आठशे ऐंशी चौरस फूट. टाइल्सखाली दोन इंच सिमेंट-रेतीचा माल पडणार, म्हणजे जवळपास दीड ब्रास. हा माल घनफुटाला साधारण साठ किलो भरतो. झाले पावणेनऊ टन. त्यावर टाइल्सचं वजन पावणेदोन टन धरा. म्हणजे शंभर वर्षांच्या तुळयांवर आपण साडेदहा टन कायमचे ठेवणार. दर चौरस फुटाला बारा किलो. वाचक संध्याकाळी घरी जातात, कपाटं हलवता येतात, टाइल्स रात्रीसुद्धा तिथेच असतात. तुळयांची टोकं भिंतीत कशी आहेत ते कोणी खोदून पाहिलं का? मी विचारलं. नाही पाहिलं. इंजिनिअरचा दाखला घेतला का? "तो नंतर घेऊ."

आणि तो दोन इंच माल ओला असतो हो! त्याचं पाणी कुठे जाणार? फळ्यांत. मग रोज बादलीभर पाण्याने पुसणार, कारण टाइल्सचा तोच तर फायदा सांगतात. सांध्यांतून ते पाणीही फळ्यांत. वर टाइल्स असल्यामुळे ते वर सुकून निघणार नाही. लाकूड म्हातारपणाने मरत नाही, ओल कोंडली की मरतं. समितीतल्या एकांनी मधला मार्ग काढला, की टाइल्स नको तर प्लॅस्टिकचं व्हिनाइल चिकटवू, वजन नाही. वजन नाही हे खरं. ओल कोंडायला मात्र तेही तितकंच पटाईत.

आता मुख्य गोष्ट. या जमिनीला काय हवं होतं? तेल. वर्षातून एकदा थोडं तेल आणि मेण, रोज कोरडा झाडू, आणि गळकी खिडकी वेळेवर दुरुस्त. बस.

पूर्वी हे होत होतं. वाचनालयाचे जुने शिपाई, त्यांना सगळे काकाजी म्हणत, दिवाळीनंतर तीन दिवस वरचा हॉल बंद ठेवून गुडघ्यावर बसून फडक्याने जवसाचं तेल चोळत. मी एकदा विचारलं होतं, काकाजी, पाणी टाकून धुऊन का नाही काढत? तर म्हणाले, "लाकडाले पाणी नको दाखवू ना बापा. त्याले तेल पाज." काकाजी निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही, आणि तेलाचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे नव्या हिशोबनीसांना सापडलं नाही. झालं. वीस-बावीस वर्षांची ही अवस्था एवढ्याशा कारणाने आली.

जवसाचं तेलच का? घरात असलेलं कुठलंही का नाही? याचं उत्तर मला माझ्या मूर्खपणातून मिळालं, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर एक रील पाहिली. खोबरेल तेल, व्हिनेगर आणि लिंबू एकत्र करा, लाकूड आरशासारखं, शंभर टक्के नैसर्गिक. आमच्या घरी आजोबांच्या वेळची छोटी माडी आहे. एवढा पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस मी, दुसऱ्याच्या बातमीचा सोर्स विचारतो, रीलला नाही विचारला. दोन दिवस झकास चमकली. तिसऱ्या दिवसापासून चप्पल चिकटायला लागली. आठवड्याने धुळीचा चिखल, मुंग्या, आणि पुढे खवट वास. टर्पेंटाइनचे बोळे घेऊन तीन रविवार घासत बसलो. बायको अजून पाहुण्यांना सांगते.

कारण साधं आहे. खोबरेल तेल हवेत वाळत नाही. शेंगदाण्याचंही नाही. ती तशीच चिकट पडून राहतात आणि खवट होतात. जवसाचं तेल वाळतं, म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन लाकडाच्या आतच घट्ट होतं. याच गुणावर ऑइल पेंट उभा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात लिनोलियम निघालं तेही याच तेलातून. आणि व्हिनेगर, लिंबू? ते आम्ल. जुन्या पॉलिशची चमक मारतं, आणि ओल्या सागात लोखंडी खिळा असेल तर त्याच्याभोवती काळा डाग उठवतं. चहाचं पाणी लावा म्हणणारेही आहेत. त्यांनी आधी स्वतःच्या देवघराच्या पाटावर लावून बघावं.

म्हणजे "नैसर्गिक" या शब्दाने भुलायचं नाही. हे मी दोन्ही बाजूंना सांगतोय. टाइल्सवाल्यांच्या विरोधात बोलतो म्हणून रीलवाल्यांच्या बाजूने आहे असं नाही. पेंटच्या दुकानात "डबल बॉइल्ड" लिहिलेलं जवसाचं तेल मिळतं, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. काम उत्तम करतं, पण ते खायचं तेल नव्हे, हातमोजे घालावेत. टर्पेंटाइन चीडच्या झाडाच्या राळेतून येतं, पूर्ण नैसर्गिक, आणि बंद खोलीत त्याच्या वाफेने डोकं गरगरतं. लिंबाचा वास मारलेले जे स्प्रे मिळतात त्यांत बहुधा सिलिकॉन असतं. ते एकदा लाकडात गेलं की पुढचं पॉलिश नीट बसत नाही.

आणि सगळ्यांत धोक्याची गोष्ट, जी रीलमध्ये कोणी सांगत नाही. जवसाच्या तेलाची फडकी. तेल ऑक्सिजन ओढताना गरम होतं. जमिनीवर पातळ पसरलेलं असलं तर ती उष्णता निघून जाते. पण तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकली तर आतली उष्णता कोंडते आणि ती आपोआप पेटतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात 23 फेब्रुवारी 1991 ला वन मेरिडियन प्लाझा नावाच्या 38 मजली इमारतीत लाकडी पॅनलला पॉलिश करून जवसाच्या तेलाची फडकी अशीच 22 व्या मजल्यावर ठेवून कामगार घरी गेले. आग वरचे आठ मजले खात गेली, अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. म्हणून काम संपलं की फडकी पाण्याच्या बादलीत बुडवायची, किंवा बाहेर दोरीवर एकेक मोकळी पसरून कडक वाळू द्यायची. पुस्तकांनी भरलेल्या इमारतीत हा नियम मोडला तर टाइल्सची गरजच उरणार नाही. हे मी मुद्दाम लांबवून लिहिलं, कारण उद्या माझी पोस्ट वाचून कोणी घरी तेल लावलं आणि काही झालं, तर ते माझ्या डोक्यावर नको.

आता समितीचा दुसरा प्रस्ताव. टाइल्स नको असेल तर मशीनने घासून पीयू मारू, "नॅचरल फिनिश". पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन. ते वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. नव्या फ्लॅटमध्ये नव्या लाकडावर ते चांगलं चालतं, कणखर असतं, पुसायला सोपं. पण आपल्या फळ्या जुन्या आणि रुंद आहेत. पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. विदर्भाचा मे महिना आणि ऑगस्ट यांत केवढा फरक आहे ते काय मी सांगायचं! वरची प्लॅस्टिकसारखी साय सांध्यांवर तडकते. त्या भेगेतून पाणी आत जातं आणि सायीखाली अडकतं, पांढरे चट्टे उठतात, पापुद्रे निघतात. मग? तेवढाच तुकडा नीट करता येत नाही, पुन्हा सगळी जमीन घासा. मशीनच्या प्रत्येक घासणीत लाकडाचा थर जातो. दोन-तीन वेळा केलं की खिळ्यांची डोकी वर. तेल लावलेल्या जमिनीचं तसं नाही. दारापुरती फिकट झाली तर दारापुरतं तेल लावा, पाऊण तासाचं काम.

मला सांगा, यातलं कंत्राटदाराला काय परवडतं? पाऊण तासाच्या कामाचं कोणी टेंडर काढतं का? तेलाच्या डब्याचं उद्घाटन होत नाही. त्यावर सौजन्याने अमुक निधीतून अशी पाटी लावता येत नाही. फडक्यात टक्केवारी निघत नाही. आपल्याकडे नूतनीकरणाला पैसा आहे, देखभालीला शून्य. वीस वर्षं वस्तूकडे बघायचं नाही, ती सडली की "जीर्ण झाली" म्हणायचं आणि मग एकदम मोठा आकडा काढायचा. बंधारे असोत, शाळेचे नळ असोत, नाट्यगृह असो, मी वीस वर्षांत याच बातम्या लिहिल्या. फक्त वस्तूचं नाव बदलतो.

बरं, हे काही पॅरिसहून आणायचं सामान नाही. विदर्भ जवसाचा मुलूख. आत्ता बाहेर पडून बघा, धुऱ्याच्या पलीकडे निळं फूल दिसेल. जवसाची चटणी आपल्या ताटात आहे, तेल घाणीवर मिळतं. लाख गोंदिया-गडचिरोलीच्या पळसावर, कुसुमावर होते. तिचाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की सुतार म्हणतात ते पॉलिश. (ते कपाटांना, दारांना लावा. रोज पाय पडणाऱ्या जमिनीला नको, पाण्याने पांढरे डाग पडतात.) मधमाश्यांचं मेण मेळघाटातून मिळतं. आणि साग? 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून आपला साग गेला तेव्हा शोभायात्रा निघाली, रांगोळ्या काढल्या, फुलं उधळली. चांगलं झालं, मीही फोटो टाकले होते. मग तोच साग आपल्या गावात आपल्या पायाखाली आहे तर त्यावर सिमेंट का ओतायचं? बाहेरगावी निघाला तरच लाकडाला मान?

सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण कडेचा पांढरा भाग आणि भिजलेला भाग तिला चालतो. खिडकीजवळच्या त्या दोन फळ्या यानेच गेल्यात. त्या बदलाव्याच लागतील, त्याला तेल पुरणार नाही, हेही कबूल. जुन्या वाड्यांच्या मोडीतून तसल्या रुंदीची सागाची फळी मिळते, गावातला सुतार बसवून देतो.

बाकीच्या जमिनीसाठी काय करायचं ते इथेच लिहून ठेवतो, म्हणजे बैठकीत "तुम्ही नुसता विरोध करता" हे ऐकावं लागणार नाही. आधी पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब तसाच उभा राहिला तर जुनं पॉलिश शिल्लक आहे, शोषला गेला तर लाकूड तहानलेलं आहे. आपल्या माडीवर मी पाच ठिकाणी टाकले, चार ठिकाणी दोन मिनिटांत गायब. म्हणजे मशीनची गरज नाही, बारीक पॉलिशपेपर हाताने, नसांच्या दिशेने, कुसं जाण्यापुरता. मग झाडून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून दोन दिवस कोरडं होऊ द्यायचं. पहिला हात अर्धं जवसाचं तेल, अर्धं टर्पेंटाइन, सगळ्या खिडक्या उघड्या आणि जवळपास विडी-काडी बंद. वीस-पंचवीस मिनिटं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. सगळं म्हणजे सगळं. लोक इथेच चुकतात. वर राहिलेला थर महिनाभर चिकट राहतो आणि मग दोष तेलाला. पाच-सहा दिवसांनी दुसरा हात, निव्वळ तेल, अगदी पातळ. मग तिसरा. आठशे ऐंशी चौरस फुटांना पंधरा-सोळा लिटर धरा. भाव मी लिहीत नाही, तुम्हीच घाणीवर विचारा आणि अंदाजपत्रकातला आकडा शेजारी ठेवा.

शेवटी मेण. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून मेण वितळवायचं, चूल विझवून, लांब नेऊन मग त्यात तिप्पट टर्पेंटाइन. थंड झालं की लोण्यासारखं होतं. ते फडक्यावर नखभर घेऊन चोळायचं. नखभरच, कारण मेण जास्त झालं तर घसरगुंडी होते, आणि सकाळी पेपर वाचायला येणारे आपले सगळे ज्येष्ठ सत्तरीच्या पुढचे आहेत.

या सगळ्याला हॉल तीन आठवडे बंद राहील. पोरं म्हणतील आम्ही कुठे बसायचं. टाइल्सच्या कामालाही महिना जाणारच आहे, तेव्हा ती सोय दोन्हीकडे करावीच लागेल. खालचा वर्तमानपत्र विभाग दुपारी बारानंतर रिकामा असतो, तिथे टेबलं लावा. थंडीत करा, हवा कोरडी आहे. पावसाळ्यात केलं तर तेल वाळायला मुहूर्त लागणार नाही.

एक आक्षेप राहिला. करणार कोण? समितीच्या एका सदस्यांनी मला फोनवर सांगितलं, "भाऊ, आजकाल गुडघ्यावर बसून कोण तेल चोळते?" बरोबर आहे. फुकट कोणी चोळणार नाही आणि चोळूही नये. काकाजींनी वर्षानुवर्षं शिपायाच्या पगारात ते केलं आणि कोणी त्यांना एक नारळ दिला नाही. दोन माणसांना रोजी द्या, सुताराला देखरेखीचे पैसे द्या, आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात "लाकडी जमीन, तेल व मेण" असं एक शीर्ष उघडा. ज्या हिशोबनीसांना शीर्ष सापडत नव्हतं त्यांच्यासाठी एवढं सोपं करून देतोय.

बैठक बुधवारी संध्याकाळी पाचला आहे. सभासद असाल तर चालू वर्षाची वर्गणी भरलेली पावती सोबत आणा, त्याशिवाय बोलू देत नाहीत, मागच्या वेळी दोघांना बसवलं होतं. आणि पाचच्या आधी वर चढून पूर्वेच्या खिडकीजवळ बघा. ग्रंथपालांना विचारून मी तिथे तीन बाय तीनचा तुकडा घासून दोन हात तेल लावून ठेवलाय, पहिला बारा दिवसांपूर्वी. शेजारची फळी आणि ही फळी एकाच झाडाची वाटत नाही. हात फिरवून बघा. जोडे खाली काढून या.